मराठीच्या तासाला तुमची शाळा ख्रिस्ती असते का?

प्रति,
बेळगाव, निपाणी, खानापूर व चिक्कोडी परिसरातील ख्रिस्ती शिक्षणसंस्थांचे चालक, धर्मप्रांताचे व मंडळ्यांचे शिक्षण पदाधिकारी, आणि हायस्कूलांचे मुख्याध्यापक यांस

विषय : आठवी ते दहावीच्या वर्गांत मराठी साहित्य व लेखन शिकवण्याबाबत

मान्यवर फादर, सिस्टर, पाळकसाहेब आणि मुख्याध्यापक,



सीमाभागात आपल्या शाळांचं मोठं नाव आहे. बेळगावात मुलाला ‘कॉन्व्हेंटला’ प्रवेश मिळाला की घरोघरी पेढे जातात. वेळेवर भरणारे वर्ग, शिस्त, आणि जात न विचारता मिळालेला बाक, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या दिलं. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले. सेंट पॉल्स १८५६ पासून उभी आहे. बेळगावच्या आधुनिक शिक्षणाची हकिगत लिहायला बसलं तर पहिलं प्रकरण तुमच्याच पूर्वजांचं निघतं. म्हणून हे गाऱ्हाणं सरकारदरबारी न नेता आधी तुमच्या दारात आणतो आहे.

मी मराठीचा शिक्षक. घर मराठी ख्रिस्ती, रविवारी हातात ‘उपासना संगीत’, आणि सोमवार ते शनिवार हायस्कूलचा वर्ग. या दोन्ही ठिकाणी वावरलेला माणूस म्हणून एक प्रश्न विचारतो. तुमची शाळा ख्रिस्ती आहे हे विद्यार्थ्याला केव्हा कळतं? सकाळच्या प्रार्थनेला कळतं. नाताळच्या नाटकात कळतं. काही शाळांत ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला आणि बाकीची मॉरल सायन्सला जातात, तेव्हाही कळतं. मराठीच्या तासाला मात्र कळत नाही. तिथे धडा वाचायचा, शब्दार्थ उतरवायचे, गाईडातली उत्तरं पाठ करायची. असा तास कोणत्याही शाळेत होतो. त्यासाठी ख्रिस्ती शाळा कशाला हवी?

ही झाली जिथे मराठी शिकवली जाते तिथली गोष्ट. आपल्या बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या. पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड आणि तिसरी हिंदी अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी पक्की झाली आहे, त्यामुळे मराठीला वेळापत्रकात जागाच नाही. मुलं घरी मराठी बोलतात, भक्तीला मराठीत गातात, आणि मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायची वेळ आली की शेजारच्या काकांना गाठतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं : शाळेचं ख्रिस्तीपण खऱ्या अर्थाने कसाला लागतं ते साहित्याच्या आणि लेखनाच्या वर्गात. तोच वर्ग आपण वाऱ्यावर सोडला आहे.

आधी आपल्याच गावचा दाखला घेऊ. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. घर कासार समाजातलं, व्रतवैकल्यं कसोशीने पाळणारं. इंग्रजी शिक्षण आधी इथल्या मिशनच्या शाळेत, मग मुंबईत. १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केलं. मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये. त्यावर वर्ष उलटतं न उलटतं तोच हा बेळगावकर विधवांच्या हलाखीवर कादंबरी लिहून मोकळा झाला. पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा कोश, नियतकालिकांचं संपादन, असा त्यांचा पसारा. आपल्या किती शाळांच्या ग्रंथालयांत ‘यमुनापर्यटन’ आहे, आणि किती मुलांना हा माणूस आपल्या गावचा हे ठाऊक आहे, ते एकदा कपाटं उघडून पाहावं.

ही कादंबरी मुलांनी कशी वाचावी? भक्तिभावाने मुळीच नको. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, ठिकठिकाणच्या विधवांची कहाणी ऐकते. ते भाग आजही आतून हलवतात, कारण लेखक तिथे गप्प राहून ऐकतो. पण मधेच तो उपदेशाला लागतो, गोष्ट अडून बसते, आणि शेवटही आधीच ठरवून ठेवल्यासारखा येतो. नववीतल्या एखाद्या मुलीने हात वर करून ‘सर, इथे लेखक गोष्ट सोडून प्रवचन करतोय’ असं म्हटलं तर तिची पाठ थोपटावी. आपल्या माणसाचं पुस्तक परखडपणे वाचू देण्याची हिंमत शिक्षकात नसेल, तर दुसऱ्याच्या पुस्तकाकडे तो निर्मळ नजरेने पाहील यावर कोण विश्वास ठेवेल?

ख्रिस्ती दृष्टीने साहित्य शिकवायचं म्हणजे प्रत्येक धड्याखाली बायबलचं एक वचन चिकटवायचं, असा एक समज आपल्यातच आहे. आपल्यावर टीका करणाऱ्यांचाही तोच समज. मला तो दोन्हीकडचा पटत नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. ‘माझा शेजारी कोण?’ असं शास्त्री विचारतो. येशू व्याख्या देत बसत नाही. तो एक गोष्ट सांगतो : वाटेवर लुटलेला माणूस पडला आहे, दोन मोठी माणसं बाजूने निघून जातात, तिसरा परका थांबतो. आणि शेवटी तो शास्त्र्यालाच उलट विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण झाला ते तूच सांग. साहित्य शिकवण्याची याहून चांगली रीत कोणत्याही बी.एड.च्या पुस्तकात मला सापडली नाही. गोष्ट सांगा, निकाल ऐकणाऱ्याला लावू द्या.

त्या दाखल्यातून तीन प्रश्न निघतात, आणि ते कोणत्याही धड्याला लागू पडतात. इथे वाटेवर कोण पडलं आहे? बाजूने कोण निघून गेलं? आणि कुणाला बोलूच दिलेलं नाही? निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं यांच्यावर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना हे प्रश्न विचारता येतात. अण्णाभाऊंच्या कथेला, फुल्यांच्या नाटकाला, तुकोबांच्या अभंगाला विचारता येतात. मुलगा मराठा असो, लिंगायत असो, मुसलमान असो, उत्तर देण्यासाठी त्याला आपला देव सोडावा लागत नाही. पण हे प्रश्न विचारायची सवय आपल्याला कोणी लावली, हे शाळेला ठाऊक असतं. तेवढं पुरे.

वर्गातला एक प्रसंग सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तले उतारे मी दहावीच्या मुलांसमोर वाचत असे. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली ही बाई. १८९५ मध्ये तिचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दोन ठिकाणी झाला. काही वर्षं ती नातलगांच्या आधाराने राहिली, मग नवऱ्याकडे परतली, आणि त्यानंतर काही काळाने, आपल्या मनाच्या चालीने, स्वतः ख्रिस्ती झाली. ख्रिस्ती साहित्य म्हणून आपण ज्याचा अभिमान सांगतो त्या पुस्तकात धर्मांतराची झळ मागे राहिलेल्या बायकोच्या बाजूने सांगितलेली आहे. नवऱ्याला ती देव करत नाही. त्याचा लहरीपणा, पैसा हातात न टिकणं, सगळं मांडते. सोवळ्यापायी घर वेठीला धरणारे वडील सांगते, आणि स्वतःच्या खुळेपणावर सगळ्यांत मोठ्याने हसते.

वाचून झाल्यावर मी विचारलं, इथे वाटेवर कोण पडलं आहे? वर्ग म्हणाला, लक्ष्मीबाई. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, टिळकसुद्धा. कारण विचारलं तर म्हणाला, “घरचं कोणीच बोलत नाही त्यांच्याशी.” तिसरी म्हणाली, पोर. आईबापांच्या मधे पोराचं काय झालं ते कोणी विचारत नाही. त्या दिवशी वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. वाद मात्र सगळ्यांचा होता, आणि कोणाच्याही घरून तक्रार आली नाही.

आता लेखनाकडे वळतो, कारण तिथे आपली लाज जास्त उघडी पडते. ‘माझी आई’ हा निबंध तपासायला घ्या. चाळीस वह्यांत आई वात्सल्याचा सागर, मायेचा झरा आणि ममतेची मूर्ती. निपाणीकडच्या एका वर्गात मी विषय तोच ठेवला आणि अट घातली : ‘प्रेमळ’ हा शब्द वापरायचा नाही, संध्याकाळी आईचे हात काय करतात तेवढंच लिहायचं. एका मुलीने लिहिलं, की आई पान कात्रीने कापते, जरदा भरते, वळते, दोरा बांधते, आणि हे सगळं माझ्याकडे बघत बोलता बोलता करते. खोकला आला की सुपावरून तोंड फिरवते. बंडलं मोजायचं काम माझं. नापास केलेल्या विड्या कारखान्यात ठेवून घेतात आणि त्यांचे पैसे कापतात, म्हणून आई रात्री पुन्हा एकेक विडी दिव्याजवळ धरून बघते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, विरामचिन्हं नव्हती. पण निपाणीचं अख्खं अर्थकारण त्या एका पानात होतं. याच गावाने १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन पाहिलं आहे. त्या मुलीच्या पानाला इतिहासाच्या पुस्तकाशेजारी बसण्याचा हक्क आहे.

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा खोटी साक्ष देऊ नकोस अशी आहे. आपण त्या आज्ञा फळ्याशेजारी फ्रेम करून लावतो, आणि गाईडातून उतरवलेल्या आईला दहापैकी आठ गुण देतो. स्वतःच्या आईबद्दल उसनं वाक्य लिहिणं ही खोटी साक्षच आहे, आणि ती द्यायला आपणच शिकवतो. ख्रिस्ती दृष्टीने लेखन शिकवायचं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एका ओळीचं आहे : पाहिलेलं खरं लिहायला शिकवा, आणि ज्याच्याबद्दल लिहितो त्याचा मान राखायला शिकवा.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तीन ऐकत आलो आहे.

पहिली अडचण सीमावादाची. १ नोव्हेंबर १९५६ पासून इथे भाषा हा शब्द काढला की माणसं बाह्या सरसावतात. मराठीचा तास लावला तर एक बाजू घेतल्यासारखं होईल, अशी चालकांना धास्ती असते. पण मिशनऱ्यांनी इथे दोन्ही भाषांची सेवा केली आहे, हे विसरून कसं चालेल? हर्मन मोगलिंग यांनी १८४३ मध्ये ‘मंगळूरु समाचार’ काढला, ते कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र. फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ चा. कन्नड माणूस आजही त्यांचं नाव आदराने घेतो. किट्टेल यांनी १८६२ मध्ये ‘कथामाले’त ख्रिस्ताची कथा कन्नड वृत्तांत बांधली. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला छापलं गेलं, ते मराठी ओवीत. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला, आणि त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर मराठीत. या मंडळींना कोणत्या राज्याचा दाखला द्याल? आपल्या शाळेत मराठी आणि कन्नडचे शिक्षक एका टेबलावर बसले, एकच दाखला मुलांनी दोन्ही भाषांत लिहिला, एकमेकांचा तपासला, तर सीमाभागात याहून चांगलं काम दुसरं नाही. कन्नड शिकलीच पाहिजे, ती राज्याची भाषा आहे आणि मुलांच्या पोटापाण्याची आहे. तिच्यासाठी मराठीचा बळी द्यावा लागत नाही.

दुसरी अडचण धर्मांतराच्या आरोपाची. ही भीती खोटी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने मंजूर केलं ते आपल्याच गावात, सुवर्ण विधानसौधात. त्यात ‘आमिष’ या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही घातलेलं होतं. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला, पण शाळांच्या मनातली धाकधूक गेली नाही. म्हणून चालक म्हणतात, नसती कटकट नको. माझं उलट मत आहे. संशय वाढतो तो बंद दाराआड. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. ते काटेकोर पाळा, आणि पाळतो हे लिहून सूचनाफलकावर लावा. साहित्य म्हणून ‘स्मृतिचित्रे’ किंवा टिळकांची कविता वाचणं हा उपदेश नव्हे. धर्मांविषयी शिकणं वेगळं आणि धर्माची शिकवण देणं वेगळं, हा भेद सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मानला आहे. आणखी एक पाऊल पुढे जा. पदमनजींच्या शेजारी विष्णुबुवा ब्रह्मचारींना बसवा. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालणारा हा माणूस मुलांना माहीत असू द्या. दोन्ही बाजू ऐकून मुलाने स्वतः ठरवावं, असं म्हणणाऱ्या शाळेवर आमिषाचा आरोप चिकटत नाही.

तिसरी अडचण गुणांची. दहावीला पहिल्या भाषेचे १२५ गुण, बाकीच्या दोन भाषांचे शंभर-शंभर. पालकांचं लक्ष टक्क्यांवर, त्यामुळे शिक्षकाचं लक्ष अपेक्षित प्रश्नसंचावर. मी गुणांना नावं ठेवणार नाही; बिडी वळणाऱ्या आईच्या मुलीला तेच गुण कॉलेजच्या दारापर्यंत नेतात. पण स्वतःच्या डोक्याने पानभर लिहायची सवय लागलेलं मूल अनोळखी प्रश्नाला बिचकत नाही, हे कोणताही पेपर तपासणारा सांगेल.

आता मागण्या.

एक, ज्या शाळेत मराठी बोलणारी मुलं भरपूर आहेत तिथे आठवी ते दहावीला मराठी घेण्याची सोय ठेवा, आणि तिला कायम नेमणुकीचा शिक्षक द्या. तासिका तत्त्वावर आलेला तरुण मार्चमध्ये निघून जातो आणि जूनमध्ये वर्ग पुन्हा पहिल्या धड्यावर येतो.

दोन, पाठ्यपुस्तकाला जोडून एक पूरक वाचनाची पुस्तिका काढा. तीत पदमनजी, लक्ष्मीबाई, रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त, टिळकांची कविता असावी. त्यांच्या शेजारी तुकोबा असावेत, कारण टिळक तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्तापर्यंत आल्याचं सांगत. ज्योतिराव, महादेव मोरे असावेत. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो असावेत. ही पुस्तिका प्रत्येक पालकाच्या हाती द्या.

तीन, आठवड्यातून एक पान मुलाचं स्वतःचं. गाईड बंद. शिक्षकाने ते पान लाल शाईने रंगवू नये. खाली एक प्रश्न लिहून परत द्यावं आणि मुलाने ते पुन्हा लिहावं. यासाठी शिक्षकाच्या माथ्यावरची कारकुनी कमी करावी लागेल. ती करा.

चार, वर्षातून दोनदा आपल्या सगळ्या शाळांच्या भाषाशिक्षकांना एकत्र बोलवा, कॅथलिक आणि मेथॉडिस्ट असा भेद न करता. मराठी, कन्नड आणि इंग्रजी शिकवणारे एकाच खोलीत बसू द्या. व्याख्यान ठेवू नका. मुलांच्या वह्या टेबलावर ठेवा आणि त्यांवरच बोला.

यातल्या एकाही मागणीला नवी इमारत लागत नाही. स्मार्ट बोर्डाला जेवढा खर्च येतो त्याहून कमीत पुस्तिका छापून होईल. लागते ती इच्छा, आणि आपल्या वारशाची थोडी चाड. बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० अशी तीनदा मराठी साहित्य संमेलनं भरली. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या पानावर बेळगावच्या मिशन शाळेत शिकलेल्या मुलाचं नाव आहे. अशा गावातल्या ख्रिस्ती शाळांतून मराठीत पत्र लिहिता न येणारी मुलं बाहेर पडत असतील, तर दोष मुलांचा नाही, सरकारचाही पुरता नाही. तो आपला आहे.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक उन्हाळ्याच्या सुटीत ठरतं. त्याआधी एक बैठक बोलवा. पालकांना बोलवा, कन्नड शिक्षकांना बोलवा, आमच्यासारख्या निवृत्तीला आलेल्या मास्तरांनाही बोलवा. सगळ्या शाळांत जमत नसेल तर बेळगावात एक आणि निपाणीकडे एक, अशा दोन शाळांपासून सुरुवात करा. पुस्तिकेचं संपादन मी आणि माझे सहकारी विनामोबदला करू. निर्णय मात्र तुम्हालाच घ्यावा लागेल, आणि तो या वर्षी घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

ख्रिस्तात आपला,
सीमाभागातला एक मराठी शिक्षक